आलव, पनव आणि बल्लाल

अडीच ते चार वर्षांचे मूल आरवला ‘आलव’ म्हणते, प्रणवला ‘पनव’, काव्याला ‘ताया’ आणि श्रेयाला ‘छेया’. मूल अंगणवाडीत जाऊ लागले की नावांची ही मोडतोड एकदम वाढल्यासारखी वाटते. त्याला कारण आहे. मराठी घरात लहान मुलाला फारसे कुणाला नावाने हाक मारावी लागत नाही. घरातली, आळीतली, शेजारची मोठी माणसे आई, बाबा, दादा, ताई, काका, मावशी, आजी अशा नात्यांच्या शब्दांत बसतात, आणि थोरांचे नाव घ्यायचे नाही हा रिवाजच आहे. नात्यांचे हे शब्द जिभेला सोपे असतात. मित्र मात्र कुठल्याच नात्यात बसत नाही. त्याला हाक मारायची तर त्याचे नावच घ्यावे लागते. ते नाव त्याच्या आईवडिलांनी अर्थ, नक्षत्र, देव, हौस असे सगळे पाहून ठेवलेले असते. शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाची जीभ त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नसते.

या विषयाचा जवळून विचार करायला रायगड जिल्ह्यातल्या धरमतरच्या खाडीकाठासारखा मुलूख शोधून सापडणार नाही. सह्याद्रीतून निघालेली अंबा नदी पालीवरून, नागोठण्यावरून वाहत येऊन धरमतरच्या खाडीला मिळते. अलीकडे पेण तालुक्यातले वडखळ आणि डोलवी, पलीकडे अलिबाग तालुका, दक्षिणेला कुंडलिकेच्या काठी रोहा. भातखाचरे आणि मिठागरे सांभाळणारे आगरी, खाडीवर जगणारे कोळी, डोंगराच्या कडेला कातकरी आणि ठाकूर ही इथली जुनी वस्ती. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत यांच्यामागून परप्रांतातली कुटुंबे आली. त्यामुळे इथल्या अंगणवाडीत एका सतरंजीवर आगरी, कातकरी, प्रमाण मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुले शेजारी शेजारी बसू शकतात आणि एकमेकांची नावे आपापल्या तोंडाने घेतात.

मुलाला आधी नाव ऐकू येते, उच्चार फार नंतर येतो. अमेरिकेत मँडेल, युसिक आणि पिसोनी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साडेचार महिन्यांची बाळे स्वतःचे नाव इतर नावांपेक्षा जास्त वेळ कान देऊन ऐकत असल्याचे दिसले. बोलायला सुरुवात त्यानंतर कित्येक महिन्यांनी होते, तीही ओठांच्या आणि दातांमागच्या आवाजांनी: प, ब, म, त, द, न. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये मांडले की जगातली मुले ध्वनी एका ठरावीक क्रमाने आत्मसात करतात. हा क्रम त्याने मांडला तितका काटेकोर नसल्याचे पुढे दिसून आले, पण मोठी दिशा तीच राहिली. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक याने जगभरच्या भाषांतून आई आणि बाप या अर्थांचे १,०७२ शब्द गोळा केले होते. त्या साठ्यावरून याकोबसनने दाखवले की हे शब्द बहुतेक ठिकाणी बाळाच्या पहिल्यावहिल्या आवाजांतूनच घडले आहेत. मराठीतले बाबा, मामा, दादा, नाना याच घडणीचे. एकच अक्षर दोनदा म्हटले की नाते तयार होते.

मराठी बाळबोलीचा पद्धतशीर अभ्यास भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी केला आणि तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ‘वर्ड’ या नियतकालिकात आला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली. त्या सहांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश यांच्या पंगतीला मराठी होती. भूभू, माऊ, चिऊ, काऊ, मंमं, बाऊ, भुर्र, जोजो हा शब्दसंग्रह मोठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून मुलांच्या हाती दिलेला असतो. मित्रांच्या नावांचे तसे नाही. ‘प्रथमेश’साठी मोठ्यांनी कुठलेही सोपे रूप आधी तयार करून ठेवलेले नसते. मूल ते स्वतः घडवते, आणि घडवताना नियम पाळते.

हे नियम बारकाईने ऐकले की कळतात. मागून उच्चारायचा आवाज पुढे येतो: क चा त होतो, ग चा द. म्हणून कबीर ‘तबील’ आणि गौरी ‘दौली’. र चा ल होतो, काही मुलांत य होतो; राधा ‘लाधा’ होते किंवा ‘याधा’. स आणि श हे घासून निघणारे आवाज अडून निघतात किंवा एकमेकांत मिसळतात, म्हणून सई ‘छई’ किंवा ‘तई’. टाळूकडे जीभ वळवून म्हणायचे ट, ड, ण दातांवर येतात. जोडाक्षरातला एक आवाज गळतो, आणि गळतो तो बहुधा र, ल, य, व यांच्यापैकी: प्रणवचा ‘पनव’, स्वराची ‘सला’. लांब नावातले एखादे अक्षरच जाते आणि प्रथमेशचा ‘पमेश’ होतो. पुढच्या अक्षराची ओढ मागच्याला लागते आणि कबीरचा ‘बबील’ होतो. कधी अक्षरांची जागा बदलते. नुकसानचे ‘नुस्कान’ मोठ्यांच्या तोंडीही ऐकू येते, मग मयूरेशचा ‘मरुयेश’ झाला तर नवल काय. एकच मूल आज जे करते तेच उद्याही करते. क चा त करणारे मूल काकाला ‘ताता’, केळ्याला ‘तेलं’ आणि काव्याला ‘ताया’ म्हणते. याला आळस म्हणणे हा मुलावर अन्याय आहे.

जीभच वळत नाही, हे स्पष्टीकरणही अपुरे पडते. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ नील स्मिथ याने आपला मुलगा अमल याच्या बोलण्याच्या नोंदी दोन वर्षांच्या वयापासून ठेवल्या आणि १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. अमल इंग्रजीतल्या ‘पडल’ या शब्दाला ‘पगल’ म्हणे. ‘पडल’ हा उच्चार त्याला येत नव्हता असे मात्र नाही, कारण ‘पझल’ म्हणायचे असले की तो चक्क ‘पडल’ म्हणे. आवाज येत होता, त्याची जागा चुकत होती. त्याआधी १९६० मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन यांनी एक प्रसंग नोंदवला होता, तो भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही येतो. एक मूल आपल्या प्लास्टिकच्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणत होते. मोठ्या माणसाने ‘हा तुझा फिस का?’ असे विचारले की ते रागावून नाही म्हणे. ‘फिश का?’ विचारल्यावर लगेच ‘हो, माझा फिस’.

मराठी घरांत हे रोज घडते. ‘आलव आला’ असे सांगणाऱ्या मुलीला आजीने कौतुकाने ‘आला का गं तुझा आलव?’ म्हटले, तर मुलगी चिडते. तिच्या कानात नाव ‘आरव’च असते. तोंडातून निघते ते वेगळे, आणि ते वेगळे आहे हे तिला आपल्या तोंडचे ऐकताना कळत नाही. दुसऱ्याच्या तोंडून आले की लगेच कळते. म्हणून मुलाचे बोबडे रूप त्याच्याच तोंडावर उलटे म्हणून दाखवण्यात त्याला शिकायला काही मिळत नाही. नाव नीट, सावकाश, पुन्हा पुन्हा कानावर पडणे एवढेच उपयोगाचे. बोबड्या बोलांचे कौतुक मात्र फार जुने आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० च्या ज्ञानेश्वरीत, पहिल्याच अध्यायात, ज्ञानदेवांनी श्रोत्यांची क्षमा मागताना हाच दाखला दिला आहे: मूल बोबडे बोलले तरी आईबापांना अधिकच संतोष होतो.

मराठी नावांत मुलांना अडवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. ऋ चा मराठी उच्चार ‘रु’ असा होतो, त्यामुळे ऋतुजा, पृथ्वीराज, हृषीकेश या नावांत र आणि जोडाक्षर दोन्ही एकदम येतात. ज्ञ आपण ‘द्‌न्य’ म्हणतो. ‘ज्ञानेश्वरी’ हे मुलीचे नाव घ्यायला मोठ्यांनाही जीभ सावरावी लागते. प्रज्ञा मुलांच्या तोंडी ‘पन्ना’ होते. विघ्नेशमधला ‘घ्न’, म्हात्रे या इकडच्या घरोघरच्या आडनावातले ‘म्ह’ आणि ‘त्र’, आणि सगळ्यांत उशिरा येणारे ळ व र. पालीचा बल्लाळेश्वर हा अष्टविनायकांतला भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती, आणि तो भक्त लहान मुलगा होता. कल्याण नावाच्या वाण्याचा हा मुलगा सवंगड्यांना रानात घेऊन जाई आणि दगडाला गणपती मानून त्यांच्यासह पूजा करी, अशी कथा आहे. बल्लाळ या तीन अक्षरी नावात दुहेरी ल आणि शेवटी ळ आहे. कथेतल्या त्या सवंगड्यांत कुणी तीन-चार वर्षांचा असेल तर त्याने हाक ‘बल्लाल’ अशीच मारली असणार.

पण धरमतरच्या काठी ‘बल्लाल’ हा उच्चार पन्नास वर्षांच्या माणसाच्या तोंडीही ऐकू येतो, आणि तिथे तो बोबडा नसतो. आगरी बोलीत ळ नाही, त्याच्या जागी ल येतो: डोळा ‘डोला’, काळा ‘काला’. ण च्या जागी न येतो; पाणी ‘पानी’, कोण ‘कोन’, पेण ‘पेन’. दोन स्वरांमधला ड र होतो; घोडा ‘घोरा’, गाडी ‘गारी’. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या मराठीच्या खंडात कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या रायगडमधली, आगरी स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. म्हणजे तीन वर्षांचे आगरी मूल प्रणवला ‘पनव’ म्हणते तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. र गळतो तो वयामुळे, आणि वर्ष-दोन वर्षांत परत येतो. न येतो तो घरातल्या भाषेमुळे, आणि तो कायमचा असला तरी त्यात बिघाड काही नाही. सहा वर्षांचे मूल ‘प्रनव’ म्हणू लागले की त्याचा उच्चार त्याच्या बोलीपुरता पूर्ण झालेला असतो.

हा फरक न कळल्याने शाळेत मुलांचे नुकसान होते. ‘ण म्हण, न नको’ असे चारचौघांत दटावलेल्या मुलाला आपल्या आईचे बोलणे चुकीचे आहे असे कळते, आणि मग ते गप्प बसायला शिकते. प्रमाण मराठीतला ण शिकवायला हरकत नाही, तो शिकवलाच पाहिजे. पण दुसऱ्या घरातला उच्चार म्हणून शिकवावा, चूक सुधारण्यासाठी म्हणून नव्हे. ओळखायची रीत सोपी आहे. मुलाची आई, मोठी भावंडे, आजोबा तोच आवाज तसाच काढतात का, हे ऐकावे. काढत असतील तर ती बोली. मूल एकटेच तसे बोलत असेल तर वयाचा प्रश्न, क्वचित तपासणीचा.

परप्रांतातून आलेल्या घरांमुळे याला आणखी पदर जोडला जातो. हिंदी बोलणाऱ्या घरातले मूल ज्ञानेश्वरीला ‘ग्यानेश्वरी’ म्हणते, ऋतुजाला ‘रितुजा’, आणि ळ त्यालाही नवा असतो. बंगाली घरात व चा ब होतो आणि विवानचा ‘बिबान’. ओडिया घरातल्या मुलाला मात्र ळ आणि ण दोन्ही जन्मापासून कानावर असतात. आगरी मुलाला जड जाणारा गोपाळ त्याच्या तोंडून नीट निघू शकतो. मैलोन्‌मैल दूरच्या भाषेला जे आवाज जमतात ते शेजारच्या बोलीत नसतात, हे लक्षात आले की प्रमाण उच्चाराचा ताठा आपोआप कमी होतो.

मूल मोठे होते, उच्चार सुधारतो, पण मित्राचे नाव तरीही अख्खे राहत नाही. आता ते मुद्दाम कापले जाते. गणेशचा गण्या, सचिनचा सच्या, संतोषचा संत्या: पहिले अक्षर ठेवायचे, त्यामागचे व्यंजन धरायचे आणि ‘या’ लावायचा. मुलींच्या नावांना ई किंवा ऊ लागतो. सुमनची सुमी, शालिनीची शालू. इथे एका मोठ्या नावाचे उदाहरण पेण तालुक्यातलेच आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे गावात विनायक नरहर भावे जन्मले. आई रुक्मिणीबाई त्यांना ‘विन्या’ म्हणत. १९१६ मध्ये ते अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात गेले आणि तिथे त्यांचे ‘विनोबा’ झाले. ज्ञानोबा, तुकोबा या माळेतले नाव. धाकटे भाऊ बाळकृष्ण तसेच ‘बाळकोबा’ झाले. आईचे ‘विन्या’ आणि देशाचे ‘विनोबा’ या दोन्हींत मूळ नावातला ‘विन’ एवढाच तुकडा उरला, आणि विनायक हे नाव फक्त चरित्रग्रंथांत राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी घरात ‘भिवा’ होते. रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले लाखो लोकांना ‘दादा’ म्हणूनच ठाऊक आहेत. पांडुरंगशास्त्री हे नाव कुठलेही दोन वर्षांचे मूल घेऊ शकत नाही, ‘दादा’ घेते.

‘या’ हा प्रत्यय दुधारी आहे. आईच्या आणि मित्राच्या तोंडी तो जिव्हाळ्याचा, पण कुळाला आणि चाकराला हाक मारतानाही तोच वापरला जाई. शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांची नावे वाचली की हा सगळा मुलूख आपली मुले कोणत्या नावांनी वाढवत होता ते कळते: नाग्या महादू कातकरी, नवश्या, आनंद्या, धाकू, हसुराम बुध्या घरत. नवश्या म्हणजे नवसाचा. धाकू म्हणजे धाकटा. बुध्या बुधवारचा. जन्माच्या वारावरून सोम्या, मंगळ्या, बुधी, शुक्री अशी नावे ठेवण्याची रीत कोकणातल्या आदिवासींत आणि कष्टकऱ्यांत सर्रास होती. ही नावे छोटी, दोन-तीन अक्षरांची, कुणाच्याही जिभेला पेलणारी. जमीनदारांच्या नावांमागे ‘राव’ लागे आणि यांच्यामागे काही लागत नसे. चिरनेरच्या स्मारकामुळे मात्र ‘नाग्या’ हे नाव आता मानाने घेतले जाते.

नावे परभाषेतून येऊन मराठी तोंडात घोळली जाण्याचे इथले सगळ्यांत सुंदर उदाहरण बेने इस्रायलांचे आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून उतरले अशी या ज्यू समाजाची परंपरा सांगते. ते कोकणातल्या गावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवार पाळत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. आडनावे गावांची झाली: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, दिवेकर. बायबलमधली नावे पिढ्यान्‌पिढ्या मराठी तोंडांतून फिरून बदलली. अब्राहमचे अबाजी झाले, सॅम्युएलचे समाजी, इझिकेलचे हसाजी. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर मराठीत ‘समाजी हसाजी दिवेकर’ होते. इझिकेलपासून हसाजीपर्यंतचा प्रवास मुलांच्या नियमांहून फार निराळा नाही: जड आवाज गळतात, अक्षरे कमी होतात, ओळखीचा शेवट जोडला जातो. एकोणिसाव्या शतकात शिक्षण आणि बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढले तशी मूळ हिब्रू-बायबली नावे परत आली. गावांची आडनावे टिकली. इस्रायलमध्ये आजही पेणकर आणि रोहेकर सापडतात.

नाव विचित्र का ठेवले जाते, याचे जुने उत्तर भीतीत होते. आधीची मुले दगावली की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू, भिकू म्हणायचे. वाईट नावाच्या मुलाकडे मृत्यूची नजर जाणार नाही अशी समजूत. महर्षी कर्व्यांचे ‘धोंडो’ हे नाव याच जातीचे. पण अशा सगळ्याच नावांमागे आईची माया नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असे लिहून ठेवले आहे, आणि गावगाड्याने ते कसोशीने पाळले. मुलगी नको असताना झाली म्हणून तिचे नाव ‘नकुशी’ ठेवणे हा त्यातला सगळ्यांत क्रूर प्रकार. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली, आणि आपले नाव कसे असावे हे त्यांतल्या अनेकींनी स्वतः ठरवले. शाळेत रोज हजेरीला ‘नकुशी’ ऐकणाऱ्या मुलीसाठी कुणाचाही बोबडा उच्चार यापेक्षा बरा होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, यशोधरा, प्रज्ञा ही नावे आली ती याच अपमानाला उत्तर म्हणून. ‘प्रज्ञा’ मुलांच्या तोंडात बसत नाही, हे त्या पिढीला ठाऊक नव्हते असे नाही. आपल्या मुलीचे नाव घेताना जगाला जरा कष्ट पडावेत, हेही त्यात होते.

नाव ठेवण्याचा विधी मराठी घरांत बाराव्या दिवशी होतो. आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. पंचांग पाहणाऱ्या घरांत जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर निघते. अवकहडा चक्राप्रमाणे अश्विनीला चू, चे, चो, ला. चित्रेला पे, पो, रा, री. हस्ताला पू, ष, ण, ठ. आर्द्रेला कू, घ, ङ, छ. ण किंवा ङ पासून सुरू होणारे नाव मराठीत नाही, ठ पासून शोधावे तर यादी लगेच संपते. आश्लेषेच्या डी, डू, डे, डो मधून ‘डिंपल’ निघते. म्हणून बहुतेक घरे नावरसनाव पत्रिकेत ठेवतात आणि हाक मारायला दुसरे घेतात. तरी आद्याक्षर पाळायचेच ठरवले की ते जुन्या नावांत मिळत नाही आणि नवे घडवावे लागते.

नवी नावे जास्त करून अशीच घडवलेली आहेत: रियांश, अयांश, अद्विक, क्रिशिव, युवान, विहान, कियान. काही संस्कृतातली आहेत. आरव म्हणजे आवाज. कियान हे फारसीतले आहे. काही आईच्या आणि बापाच्या नावांतली अक्षरे जोडून तयार होतात आणि त्यांना अर्थ नंतर लावला जातो. जुन्या पिढीला ही नावे जड वाटतात, पण ती जड नाहीत. त्यांच्यातून ठ, ढ, घ, ळ जवळपास हद्दपार झाले आहेत. विठ्ठल, घनश्याम, पंढरीनाथ, गोपाळ यांच्यापेक्षा आरव आणि विहान कितीतरी सोपे. अडचण वेगळीच आहे: ही नावे एकमेकांना चिकटून उभी आहेत. आरव, आरुष, अर्णव, आर्यन एकाच वर्गात आले तर र न म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडात ती ‘आलव’, ‘आलुश’, ‘अनव’, ‘आयन’ होतात, आणि रियांश, अयांश, शिवांश, दिव्यांश या चौघांचा शेवट एकच. तीन वर्षांचे मूल पुष्कळदा शब्दाचा शेवट घट्ट धरते, सुरुवातीचे अक्षर सोडून देते. मग चौघांनाही ‘आंछ’ ही एकच हाक पोचते आणि भलताच वळून बघतो. मुले यावर तोडगाही काढतात: मोठा आरव, छोटा आरव, म्हात्रेंचा आरव. वेगळेपणासाठी ठेवलेल्या नावाला शेवटी आडनावाचा आधार लागतो. कुटुंबाने वेगळे नाव शोधताना शब्दकोशाबरोबर आपल्या आळीतल्या मुलांची नावेही एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत. ते काम पाच मिनिटांचे आहे.

काही देशांत नावावर सरकारचा हात असतो. आइसलँडमध्ये नावांची समिती आहे आणि नवे नाव तिथल्या व्याकरणात चालते का, हे ती पाहते. न्यूझीलंडमध्ये २००८ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीचे नाव न्यायालयाने बदलायला लावले. आईबापांनी तिचे नाव म्हणून ‘तलुला हवाईचा हुला नाच करते’ अशा अर्थाचे अख्खे वाक्य ठेवले होते आणि ती ते मैत्रिणींपासून लपवत होती. भारतात अशी मंजूर नावांची यादी नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. नाव त्या वेळी ठरले नसेल तर नोंदणीपासून बारा महिन्यांत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या कामांना जन्मदाखला हाच मुख्य पुरावा ठरला आहे, आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव येते. त्यामुळे दाखल्यावरच्या अक्षराला वजन आले आहे. सांगणाऱ्याचा उच्चार आणि लिहिणाऱ्याचा कान वेगळ्या बोलींतले असले की अर्णवचा ‘अर्नव’ तिथेच होतो. नोंदीच्या वेळी नाव तोंडी न सांगता देवनागरीत आणि रोमन लिपीत कागदावर लिहून द्यावे, आणि दाखला हातात पडताच अक्षर न्‌ अक्षर तपासावे.

मित्राचे नाव चुकीचे येणे काळजीचे कधी ठरते, हे आईबापांना माहीत असायला हवे. तीन वर्षांच्या मुलाच्या बोलण्यातले साधारण तीन चतुर्थांश बाहेरच्या माणसाला कळायला हवे, चौथ्या वर्षापर्यंत जवळपास सगळे. एखादा र, ळ, श किंवा जोडाक्षर सहा-सात वर्षांपर्यंत रेंगाळले तरी चालते. दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडून येत नाहीत, मूल हाकेला वळत नाही, आधी येणारे शब्द गेले, वारंवार कान फुटतो, यांतले काही असेल तर थांबू नये. पहिली तपासणी कानांची, कारण जे नीट ऐकू येत नाही ते नीट म्हणता येत नाही. जीभ चिकटलेली असणे हे कारण लोकांना वाटते त्यापेक्षा फार कमी वेळा निघते. वेखंड उगाळून जिभेला लावल्याने उच्चार सुधारत नाहीत, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणे धोक्याचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा मुलांची मोफत तपासणी करतात. ऐकण्या-बोलण्यातली शंका त्यांना सांगता येते आणि गरज पडली तर मूल अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे पाठवले जाते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची, श्रवण आणि वाचेच्या उपचारांची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तपासणीला नेताना घरात कोणती बोली बोलतात, हे आधी सांगावे. ते न सांगितल्यास आगरी घरातल्या मुलाचा ‘पानी’ आणि ‘डोला’ दोषांच्या यादीत लिहिला जाण्याचा संभव असतो.